माथ्यापासून खाडीपर्यंत: पेण-रोह्यातील मुलांसाठी पाण्याचे शिक्षण

ज्या भूभागावर पडलेला पाऊस उतारावरून, ओहोळांतून आणि नाल्यांतून अखेर एकाच प्रवाहात येतो, तो सगळा भूभाग म्हणजे त्या प्रवाहाचे पाणलोट क्षेत्र. महाराष्ट्रातील पाणलोट विकासाच्या कामांत ‘माथा ते पायथा’ हे सूत्र रूढ आहे: आधी डोंगरमाथ्यावर पाणी थोपवायचे, मग उतारावर, आणि शेवटी नाल्यात. देशावर हा पायथा एखाद्या ओढ्यापाशी किंवा पाझर तलावापाशी संपतो आणि तिथले पाणी पुढे शेकडो किलोमीटर वाहत राहते. गोदावरीला समुद्र गाठायला सुमारे 1465 किलोमीटर लागतात. रायगड जिल्ह्यातील अंबा किंवा कुंडलिका शंभर किलोमीटरचीही नाही. सह्याद्रीच्या कड्यावर पडलेला थेंब इथे लवकरच खाडीत असतो, म्हणून पाणलोट आणि किनारा हे दोन वेगळे धडे इथे करता येत नाहीत. पेण आणि रोहा या शेजारच्या दोन तालुक्यांत डोंगर, जंगल, धरण, वीजकेंद्राचे पाणी, कारखाने, भातशेती, खारजमीन, कांदळवन आणि खाडी हे सगळे एका दिवसात जाऊन येण्याइतक्या अंतरात आहे. शाळेतील मुलांना पाण्याचा पूर्ण प्रवास स्वतः पाहून, मोजून आणि हाताळून शिकण्यासाठी याहून चांगली जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

दोन्ही तालुक्यांना जोडणारी नदी अंबा. बोरघाटाच्या डोंगररांगेत उगम पावून ती सुधागड तालुक्यातून रोहा तालुक्यातील नागोठण्याला येते आणि पुढे वडखळच्या बाजूने धरमतर खाडीला मिळते. जुलै 1989 मध्ये याच नदीच्या पुराने सुधागडमधील जांभूळपाड्यात मोठा संहार केला होता. रोहा शहराची नदी कुंडलिका. ती भिऱ्याकडून कोलाडमार्गे येते आणि रेवदंडा व कोर्लई यांच्यामध्ये समुद्राला मिळते. पेण शहर भोगावतीच्या काठी आहे आणि वरच्या अंगाला हेटवणे धरण आहे.

शिक्षणाची सुरुवात पावसापासून होते, कारण तो मोजायला सर्वांत सोपा. सरळ बाजूंची बाटली कापून तिचा वरचा भाग उलटा बसवला आणि बाजूला पट्टी चिकटवली की पर्जन्यमापक तयार होतो. रोज सकाळी ठरलेल्या वेळी नोंद करायची, एवढीच शिस्त. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे सूत्र सहावीच्या मुलाला कळते. रायगडात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे शंभर चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर तीन लाख लिटर. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटरचे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने हे पाणी साठवता आले तर पंधरा जणांना वर्षभर पुरेल. हा आकडा मुलांनी स्वतः काढला की पुढचा प्रश्न तीच विचारतात: मग मार्च-एप्रिलमध्ये हंडे घेऊन रांग कशाला?

त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर डोंगरात आहे. इथला कातळ बसाल्टचा. त्यात पाणी मुरते ते मुख्यतः भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून. वरची माती धुपून गेली की पाऊस कातळावरून सरळ निघून जातो. हे समजावून सांगण्यापेक्षा करून दाखवणे सोपे. दोन्ही टोके उघडी असलेला पत्र्याचा डबा जमिनीत थोडा रोवायचा, त्यात मोजून पाणी ओतायचे आणि ते जिरायला किती मिनिटे लागतात ते पाहायचे. दाट झाडीखाली, गुरांनी तुडवलेल्या वाटेवर आणि वणवा लागून गेलेल्या उतारावर असे तीन डबे रोवले की तीन वेगळे आकडे मिळतात. भर पावसात त्याच तीन उतारांखालच्या ओहोळांचे पाणी पारदर्शक नळीत भरून गढूळपणा मोजता येतो: नळीच्या तळाशी काळी-पांढरी चकती ठेवतात आणि ती दिसेनाशी होईपर्यंत पाणी ओततात. पाण्याचा स्तंभ जितका कमी, तितकी वाहून गेलेली माती जास्त.

माती अडवायची तर समान उंचीची रेषा आखता आली पाहिजे. त्यासाठी ‘ए’ अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट वापरतात. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये एक आडवी काठी जोडायची आणि शेंड्यावरून दोरीला दगड टांगायचा. दोरी आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एकाच पातळीवर आहेत. ही चौकट पावलापावलाने पुढे नेत मुले डोंगरउतारावर चुन्याची रेषा आखतात. तीच समपातळी रेषा, आणि चर खणायचा तो तिच्यावर. भूमितीतील समद्विभुज त्रिकोण, भूगोलातील समोच्च रेषा आणि शेतीतील समतल चर या एका कामात एकत्र येतात. फळ्यावर हे तिन्ही विषय वेगवेगळ्या तासांना येतात आणि बहुतेकांच्या मनात वेगवेगळेच राहतात.

पाऊस ओसरल्यावर वनराई बंधाऱ्यांचा हंगाम येतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती किंवा वाळू भरून ओढ्याला आडवी भिंत घालायची. कोकणातील अनेक शाळा हे काम श्रमदानातून करतात. काम चांगलेच आहे. मात्र बऱ्याचदा ते एका दिवसाच्या उत्साहात संपते आणि त्यातून शिकायचे राहून जाते. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला विहीर असेल तर तिची पातळी बांधण्यापूर्वी, महिन्याने आणि उन्हाळ्यात मोजली पाहिजे. बंधारा उपयोगी पडला की नाही ते त्यावरूनच कळते. गाठी मारलेली दोरी आणि तिच्या टोकाला वजन, एवढे साहित्य पुरते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. शाळेने तेच महिने धरले तर मुलांच्या नोंदी सरकारी नोंदींशेजारी ठेवून तपासता येतात.

डोंगरातल्या वाड्या प्रामुख्याने कातकरी आणि ठाकूर समाजांच्या आहेत. कातकरी ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित गटात नोंदलेली जमात आहे. या गटातल्या महाराष्ट्रातील इतर दोन जमाती कोलाम आणि माडिया गोंड. कोणत्या ओढ्यात खेकडा कधी मिळतो, शेवळे आणि भारंगी कोणत्या पावसानंतर उगवतात, कोणता झरा वैशाखापर्यंत टिकतो, हे या वाड्यांतील मुलांना पाठ्यपुस्तकाशिवाय ठाऊक असते. पाणलोटाच्या अभ्यासात शिकवण्याचा मान अशा मुलांकडे गेला पाहिजे. जी मुले वर्गात मागच्या बाकावर गप्प असतात, ती ओढ्यावर पुढे असतात, आणि ही गोष्ट शिक्षकांनी वेळीच ओळखली तर त्या मुलांच्या शाळेतल्या पुढच्या वर्षांवरही तिचा परिणाम होतो.

रोह्यातील कुंडलिका हा वेगळाच धडा आहे, कारण तिचे पाणी केवळ तिच्या पाणलोटातले नाही. घाटमाथ्यावर मुळशी येथे मुळा नदीवर धरण बांधून तिचे पाणी पश्चिमेकडे वळवले गेले आणि भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रात खाली सोडले गेले. हे केंद्र 1927 मध्ये सुरू झाले. निसर्गक्रमाने मुळेचे पाणी भीमा आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचे. आता त्यातील मोठा वाटा कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातो. या धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या मावळातील शेतकऱ्यांनी 1921 पासून मुळशी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्याचे नेते होते. म्हणजे रोह्यातील विद्यार्थी उन्हाळ्यात नदीला पाणी पाहतो, तेव्हा त्या पाण्यामागे घाटावरच्या बुडालेल्या गावांचा इतिहास असतो. हा इतिहास त्याला नदीकाठी सांगितला गेला पाहिजे.

वीजनिर्मितीच्या वेळापत्रकाप्रमाणे पाणी सुटते, त्यामुळे कुंडलिकेची पातळी एकाच दिवसात वर-खाली होते. कोलाडचे राफ्टिंग याच सोडलेल्या पाण्यावर चालते. पुलाच्या खांबावर किंवा काठावरच्या पक्क्या खडकावर सेंटिमीटरच्या खुणा करून दिवसातून अनेक वेळा पातळी टिपली तर पाऊस नसतानाही चढ-उतारांचा आलेख मिळतो. विजेचे बटण आणि नदीचे पात्र यांतला संबंध त्या आलेखात दिसतो. पात्रात उतरण्याचे काम मात्र कधीही स्थानिक माहितगाराशिवाय आणि पाणी सुटण्याची वेळ विचारल्याशिवाय करू नये. घोटाभर पाणी थोड्या वेळात कमरेपर्यंत येऊ शकते.

रोह्याजवळ धाटाव येथे रासायनिक उद्योगांची औद्योगिक वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातील 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांपैकी 53 महाराष्ट्रातील होते आणि त्यांत कुंडलिकेचाही समावेश होता. शाळेच्या पातळीवर चार मोजमापे शक्य आहेत: तापमान, आम्लता दाखवणारा सामू, विद्युतवाहकता आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू. माशांच्या वाढीसाठी लिटरमागे किमान चार मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असे मंडळाचे प्रमाण आहे. स्वच्छ पाणी 20 अंशांना साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू धरते, तर 30 अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणून नोंद घेताना तापमान आणि वेळ लिहिली नाही तर आकडा निरुपयोगी ठरतो. कोलाडकडे वरच्या अंगाला एक जागा, शहराच्या खाली दुसरी आणि खाडीचे पाणी चढते तिथे तिसरी अशा तीन जागा ठरवून दर पंधरवड्याला तेच मोजमाप केले तर फरक दिसू लागतो.

इथे शिक्षकाने एक गोष्ट आग्रहाने शिकवायची असते. एका दिवसाच्या एका आकड्यावरून कोणावरही आरोप करता येत नाही. भरतीच्या पाण्याने वाहकता वाढते, सोडलेल्या पाण्याने घाण पातळ होते, उन्हाने प्राणवायू बदलतो. अनेक महिन्यांच्या नोंदी, त्याही एकाच पद्धतीने घेतलेल्या, समोर असल्या तरच बोलायचे. पण अशा नोंदी हाती असल्या तर न घाबरता बोलायचे. या दोन्ही सवयी एकत्र लागणे, हे या शिक्षणाचे सर्वांत मोठे मोल आहे.

उपकरणे नसतील तर दगड उलटून पाहावेत. वाहत्या पाण्यातील दगडाखाली चपट्या अंगाच्या आणि शेपटीकडे दोन-तीन लांब तंतू असलेल्या किड्यांची पिल्ले सापडली तर पाणी चांगले समजावे, कारण त्यांना भरपूर प्राणवायू लागतो. फक्त तांबडे, अळीसारखे किडे आणि गोगलगायी उरल्या असतील तर त्या जागी प्राणवायू कमी आहे. चतुराची पिल्ले मधल्या पायरीवर. चाळणी, पांढरी थाळी आणि भिंग एवढ्यावर ही तपासणी होते, आणि रसायनशास्त्राच्या तपासणीपेक्षा ती मुलांच्या अधिक लक्षात राहते.

पेण तालुक्याच्या पश्चिमेला जमीन सपाट होते आणि खारेपाट लागतो. ही जमीन माणसांनी खाडीकडून मिळवलेली आहे. भरतीचे पाणी बाहेर ठेवण्यासाठी घातलेले मातीचे लांब बांध आणि त्यांत ठिकठिकाणी बसवलेली उघाडी, यांवर खारेपाटाचे अस्तित्व अवलंबून आहे. उघाडीचे दार खाडीच्या बाजूला उघडते. ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब जास्त झाला की ते उघडते आणि पावसाचे पाणी निघून जाते. भरतीला बाहेरून दाब आला की ते आपोआप मिटते. पदार्थविज्ञानातील दाबाचा पाठ शिकवण्यासाठी उघाडीपेक्षा चांगले उपकरण नाही. उधाणात बांध फुटून खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची पिके जातात. पूर्वी बांधांची दुरुस्ती सगळ्यांनी मिळून करायची रीत होती. आज राज्याचे खारभूमी खाते आणि 1979 चा खारभूमी विकास कायदा आहे. जुनी रीत गावातल्या म्हाताऱ्यांकडून टिपून घेणे हाही प्रकल्पाचाच भाग.

खारेपाटात मोजायची गोष्ट म्हणजे मीठ. ताटलीत मोजून पाणी घ्यावे, उन्हात सुकू द्यावे आणि उरलेले मीठ तोलावे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. खाडीचे पाणी, बांधाआतला खड्डा आणि गावची विहीर या तीन ठिकाणचे आकडे शेजारी मांडले की खारेपाटातील उन्हाळ्याची टंचाई मुलांना नेमकी समजते: सभोवती पाणी आहे, पण ते पिण्याजोगे नाही. हेटवण्याचे धरण याच तालुक्यात आहे आणि तिथून नवी मुंबईला पाणी जाते, तर खारेपाटातील गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणेच्या लाभक्षेत्रातील 22 गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी (सेझ) जमीन द्यावी की नाही यावर सरकारने जनमत घेतले, तेव्हा शेतकऱ्यांच्या मागणीच्या मुळाशी हेच सिंचनाचे पाणी होते. पाण्याचा अभ्यास इथे नागरिकशास्त्रापाशी येतो आणि त्याला टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे नाही.

हेच मीठ पावसाळ्यात धुतले जाते. ज्येष्ठ-आषाढातल्या सरी मातीतले क्षार विरघळवून खाली नेतात, मग मोड आणलेले भात चिखलात फेकून रहू पद्धतीने पेरणी होते. खार सोसणाऱ्या भाताच्या ‘पनवेल’ जाती दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्रातल्या. शाळेत दोन कुंड्यांत, एकीत गोडे आणि दुसरीत मोजून मीठ घातलेले पाणी देऊन, साध्या आणि खार सोसणाऱ्या वाणांची रोपे वाढवली तर फरक काही आठवड्यांत दिसतो.

भरतीची वेळ काढण्यासाठी कोळ्यांकडे जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. चंद्राच्या गतीमुळे भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते, आणि पाऊणपटीचा हिशेब रोज 45 मिनिटे धरतो. खाडीत आत गेल्यावर भरती आणखी उशिरा पोचते. जेट्टीच्या खांबावर खुणा करून मुलांनी हा हिशेब पंधरवडाभर तपासावा. उधाण आणि भांग यांतला फरक, चंद्रकला, आलेख आणि आजोबांचे ज्ञान हे सगळे त्यात येते. भरतीचे वेळापत्रक स्वतः काढता आले की कांदळवनात कधी शिरायचे आणि कधी परतायचे हेही कळते. हे सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे, कारण खाडीचा गाळ पाय धरून ठेवतो.

कांदळवनात तिवर, चिपी, मारांडी, हुरा अशी झाडे ओळखण्यापासून सुरुवात होते. तिवराच्या पानाच्या मागच्या बाजूला जीभ लावली की खारट लागते; झाड घेतलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. चिखलात वर आलेली मुळे हवा घेतात. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि लांब शेंगेसारखे खाली पडते. एक मीटर बाजूची दोरीची चौकट टाकून तिच्यातली रोपे आणि खेकड्यांची बिळे मोजायची. काठापासून आत जाताना संख्या कशी बदलते ते पाहायचे. निवट्या, चिंबोऱ्या, बोयी, जिताडा यांची पिल्ले याच मुळांत वाढतात. पहिल्या पावसात मासे नदी-नाल्यांतून वर शेतांकडे चढतात, त्याला वलगण म्हणतात. पूर्वी वलगण कुठवर यायची आणि आता कुठे अडते, हा प्रश्न घेऊन मुले घरोघर गेली तर बांध, पूल, भराव आणि रसायने या सगळ्यांचा नकाशा हाती येतो. कांदळतोडीला मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये बंदी केली. 2012 मध्ये राज्याने कांदळवन कक्ष स्थापला आणि 2020 मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा दर्जा मिळाला. ही माहिती आवश्यक आहे, पण ती चिखलातून आल्यावर सांगावी.

पेणमध्ये आणखी एक प्रयोग सहज होतो. गणेशमूर्तींच्या या गावात शाडूचा आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा तुकडा कोणत्याही कारखान्यातून मिळतो. दोन बादल्यांत ते ठेवले की शाडू विरघळतो आणि प्लास्टर तसेच राहते. ज्या मुलांच्या घरी हाच व्यवसाय आहे त्यांना बोल लावण्यासाठी हा प्रयोग नाही. किंमत, वजन, रंग आणि वाहतूक यांचा हिशेब तीच मुले वर्गाला समजावतात, आणि चर्चा त्यामुळे खरी होते.

अशा शिक्षणाला आधार नवा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा निर्देश दिला. शाळांसाठीची राष्ट्रीय हरित सेना 2001 मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय 2020 नंतर आला. अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या खोऱ्यातील राज्यांनी 2000 च्या करारात प्रत्येक विद्यार्थ्याला शाळा संपण्यापूर्वी नदी-खाडीवर प्रत्यक्ष अभ्यासाचा अनुभव देण्याचे ठरवले होते. आपल्याकडे 1937 मध्ये वर्ध्यात मांडलेल्या नई तालीमचे तत्त्व हातांनी काम करत शिकण्याचेच होते, आणि तिचे एक मोठे पुरस्कर्ते विनोबा भावे यांचा जन्म पेण तालुक्यातीलच गागोदे गावचा. कागदावर काही कमी नाही. कमी पडतात ते वेळापत्रकातले सलग दोन-तीन तास, प्रवासाची सोय आणि शिक्षकाच्या पाठीशी उभा राहणारा मुख्याध्यापक.

जमलेल्या नोंदींचे काय करायचे, हेही आधी ठरलेले असावे. जैवविविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. वलगणीच्या जागा, वैशाखापर्यंत टिकणारे झरे, कांदळाच्या जाती आणि रानभाज्यांचा हंगाम यांच्या मुलांनी केलेल्या नोंदी त्या वहीत जाऊ शकतात. विहिरींची पातळी आणि मिठाचे आकडे उन्हाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत मांडता येतात, म्हणजे टंचाई आराखडा करताना ते हाताशी असतात. डोंगरातल्या शाळेने आपली वही खारेपाटातल्या शाळेला आणि तिने आपली डोंगरातल्या शाळेला पाठवली, तर वरच्या उतारावरची माती खालच्या उघाडीपाशी कधी साचली, याच्या तारखा दोन्ही वह्यांत शेजारीशेजारी वाचता येतात.